निष्ठेचा बाजारभाव

ब्रिटनमध्ये रोजच्या व्यवहाराचे खाते जुन्या बँकेतून आपल्याकडे आणणाऱ्याला काही बँका शे-दोनशे पौंडांचे बक्षीस देतात. व्हिकर्स आयोगाच्या २०११च्या अहवालानंतर, सप्टेंबर २०१३मध्ये सुरू झालेल्या सेवेमुळे हे स्थलांतर कामकाजाच्या ७ दिवसांत पुरे होते आणि जुने खाते बंद होते. म्हणून चतुर ग्राहक मुख्य खात्याला हात लावत नाही. तो एक दुय्यम खाते उघडतो, दोन-तीन नियमित देयके त्याला जोडतो आणि तेच खाते बक्षिसासाठी बँकेमागून बँक फिरवतो.

या ग्राहकाला ‘बेइमान’ म्हणणाऱ्या नीतिवाद्यांशी आमचा वाद आहे. निष्ठा उभयपक्षी असते. वर्षानुवर्षे टिकलेल्या खातेदाराला काहीही न देता परक्याला पैसे मोजून बोलावणाऱ्या बँकेने निष्ठेचा भाव आधीच ठरवलेला असतो. अटी पाळून घेतलेल्या बक्षिसाला लबाडी कसे म्हणावे?

मात्र या चातुर्याला बंड मानणेही आम्हांस मान्य नाही. बक्षिसासाठी अनेकदा हजार-दीड हजार पौंड खात्यात भरून दाखवावे लागतात. ते मुख्य खात्यातून फिरवता येतात, हे खरे. पण फिरवायला आधी असावे तर लागतात! ज्याचा पगार घरभाड्यातच संपतो, त्याच्यासाठी हा खेळ नाही. ज्याच्यापाशी आहे, त्यालाच आणखी मिळते. नीतिवाद्यांचा रोष या विषमतेकडे वळला, तर आम्ही त्यांच्यासोबत आहोत. तोवर ‘निष्ठा’ हा शब्द त्यांनी बँकांच्या वतीने वापरू नये.