उसण भरली की...

मंडळी, गेल्या दिवाळीत तांदळाचा डबा उचलताना माझ्या कंबरेत उसण भरली. आमच्या घरात यावर एकच औषध: फळीवर निजा, हलू नका. आई तेच सांगायची, मीही जन्मभर सगळ्यांना तेच सांगत आले. तीन आठवडे पडून राहिले, वर पट्टा बांधला. उठले तेव्हा कळ कमी होती, पण पाय लटपटत होते!

त्यात एमआरआयमध्ये 'मणक्यांची झीज' वाचून धीरच खचला. फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, "आजी, केस पिकतात तशीच ही." खरंच आहे. २०१५च्या एका संशोधनात, पाठ न दुखणाऱ्या ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम सुचवला. पट्टे आणि ट्रॅक्शन सरसकट नकोत म्हटलं.

माझं मत आता स्पष्ट आहे. एखाद-दुसरा दिवस आराम ठीक, पुढे झेपेल तेवढं हिंडावं. मात्र पायातला जोर गेला, लघवीवरचा ताबा सुटला, ताप आला किंवा पडल्यावर दुखू लागलं, तर तडक डॉक्टर गाठावा.

माई, तीन वर्षांपूर्वी तुला "पडून राहा" मीच सांगितलं. तेव्हापासून तुझं देवळात जाणं सुटलं. चुकलंच माझं. उद्या सकाळी फोन करते. तू तुझ्या अंगणात, मी माझ्या, दहा मिनिटं चालूया.