खिशातला चाकू

चाकू म्हटला की आपल्याला हिंदी चित्रपटातला रामपुरी आठवतो आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. वास्तविक बोरूने लिहिण्याच्या काळात कारकुनाच्या कलमदानातही चाकू असे. आज आपण पार्सलची सुतळी दातांनी तोडतो, आणि तेच सभ्यपणाचे मानतो!

घ्यायचा तर कोणता? दुकानदार आधी पंधरा-वीस अवजारांचा जाडजूड चाकू पुढे करील. त्याला नमस्कार करावा. खिशाला जड झालेला चाकू आठवड्याभरात टेबलाच्या खणात जातो. स्विस ‘व्हिक्टोरिनॉक्स क्लासिक’ मिटल्यावर अवघा ५८ मिलिमीटरांचा; पेरू कापायला, दोरा तोडायला पुरेसा. पण त्याचे पाते केवळ स्प्रिंगच्या ताणावर उघडे राहते. जोर उलटा पडला की ते मिटते, आणि मध्ये बोट असते. मुलांच्या हाती द्यायच्या चाकूत म्हणूनच पाते अडकवून ठेवण्याची सोय हवी, असे माझे ठाम मत आहे. फ्रान्सच्या डोंगराळ साव्होआ भागात १८९० मध्ये जन्मलेल्या, लाकडी मुठीच्या ‘ओपिनेल’ला १९५५ साली अशी फिरती कडी मिळाली. मात्र ती सहा क्रमांकापासून पुढच्या चाकूंना असते. त्याहून लहानांना नाही, हे घेताना पाहावे.

पाते कार्बन पोलादाचे असेल तर धार झकास लागते, पण लिंबू कापून न पुसता ठेवले की ते काळवंडते. आळशी माणसाने (म्हणजे बहुतेकांनी) स्टेनलेसच घ्यावे. विमानप्रवासात मात्र चाकू मोठ्या सामानात टाकावा. हातातल्या पिशवीत राहिला, तर तपासणीच्या टेबलावरच त्याचा निरोप घ्यावा लागतो.