डब्यावरचे गाव

पांढुर्णा येथे एका विवाहसमारंभासाठी गेलेले आमचे एक सहकारी नुकतेच परतले. जेमतेम दोन दिवसांचा मुक्काम, आणि त्यातला दीड दिवस मांडवातच गेला. परतताना जामसावळीच्या हनुमंताचे दर्शन घ्यावे म्हणून ते सौंसरच्या वाटेने नागपुरास आले. खरेदीसाठी म्हणून त्यांना जो काय वेळ मिळाला तो सौंसरच्या रस्त्यावर दहा मिनिटे आणि नागपुरात गाडी सुटण्यापूर्वीचा एक तास. तरीही गावाला गेलेल्या माणसाने रिकाम्या हाताने परतू नये, हा आपल्याकडचा अलिखित दंडक त्यांनी पाळला आणि दोन वस्तू आमच्या टेबलावर आणून ठेवल्या. एक होता संत्रा बर्फीचा सुबक, चकचकीत डबा. त्यावर नारिंगी अक्षरांत नागपूरचे नाव. दुसरी होती कापडी पिशवी आणि तीत रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यातून घेतलेली तीन डझन संत्री. त्या पिशवीवर कोणत्याच गावाचे नाव नव्हते. विकणाऱ्याला त्यांनी विचारले होते, "ही नागपुरीच ना?" त्यावर त्याने मागे हात करून सांगितले, "नागपुरीच होय जी, बाग ही काय मागेच आहे."

बाग मध्य प्रदेशात आणि फळ नागपुरी, हे उत्तर पहिल्या ऐकण्यात लबाडीचे वाटते. ते तसे नाही, आणि का नाही हे समजून घेण्याजोगे आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर आणि विदर्भाचे इतर जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मागे राहिला आणि त्याच्यासोबत पांढुर्णा व सौंसर हे दोन मराठीभाषक टापूही मागे राहिले. सीमा म्हटली की आम्हां गोमंतकीयांच्या डोळ्यांपुढे बेळगाव-कारवार येते. सातपुड्याच्या पायथ्याची ही सीमा आपल्या वृत्तपत्रांतून फारशी गाजली नाही. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा कित्येकांनी नकाशात ते नाव प्रथमच शोधले असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी गोटमार, एवढीच काय ती बाहेरच्या जगाला त्या गावाची ओळख. आणि दगडफेकीत डोकी फुटण्याची ती ओळख कोणी भेट म्हणून घरी न्यावी अशी खचितच नाही. त्याच दिवशी नागपुरात लहान मुले लाकडी बैल सजवून तान्हा पोळा साजरा करतात. हंगामात तिकडे गेलेल्याने मुलांसाठी एखादा लाकडी बैल जरूर आणावा, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मुद्दा संत्र्याचा आहे. नागपूरच्या बाजारात येणारे फळ शहराच्या हद्दीत पिकत नाही. ते काटोल-नरखेडात पिकते, वरुड-मोर्शीत पिकते आणि सीमा ओलांडून पांढुर्णा-सौंसरच्या काळ्या मातीतही पिकते. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून कलम बांधायचे, पाच-सहा वर्षे ते पोसायचे, मग कुठे झाड फळाला येते. पुढेही ते शेतकऱ्याला सुखाने बसू देत नाही. झाडाचे पाणी तोडून त्याला ताण द्यायचा आणि ताण सोडला की फुलोरा येतो. हिवाळ्यात ताण दिला तर आंबिया बहार, तो ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत उतरतो. उन्हाळ्यात ताण देऊन पहिल्या पावसावर फुलवला तर मृग बहार, तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास हाती येतो. ताण कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाडच वाळते. मध्येच गारपीट झाली किंवा फळगळ लागली तर वर्ष हातचे जाते. एवढे करून कित्येक बागा फळ झाडावर असतानाच व्यापाऱ्याला एकरकमी विकल्या जातात आणि पुढच्या प्रवासात बागवानाचे नाव फळाबरोबर जात नाही. नागपूरच्या कळमना बाजारातून माल देशभर जातो तेव्हा तो नुसता 'नागपुरी' असतो.

पण हे 'नागपुरी' खोटे नाही. ते एका वाणाचे नाव आहे, एका हवामानाचे नाव आहे आणि एका जुन्या बाजारपेठेचेही नाव आहे. ही बाजारपेठ पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याच्या बापजाद्यांनीही घडवली. राज्याची सीमा आखणाऱ्यांनी झाडाला विचारले नव्हते. नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कागदोपत्री त्याची हद्द कुठवर, हा तज्ज्ञांचा विषय झाला. आमचे म्हणणे इतकेच की ज्याने तेच झाड, तेच श्रम आणि तीच जोखीम घातली त्याने ते नाव वापरले तर तो आपल्या घरातलीच वस्तू उचलतो. सौंसरच्या त्या विक्रेत्याने आमच्या सहकाऱ्याला फसवले नाही. उलट, बाग बोटाने दाखवता येईल असा विक्रेता हल्ली दुर्मीळ आहे.

आता त्या डब्याकडे येऊ. संत्रा बर्फी हा नागपूरचा मान्यवर खाऊ आहे आणि खरा गर खव्यात आटवून केलेली बर्फी ज्याने चाखली त्याला तिच्याविषयी वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या टेबलावर आला तो डबा मात्र उघडताक्षणीच रंगाने आणि वासाने बोलका झाला. संत्र्याची साल सोलली की बोटांना जो कडवट, तेलकट गंध राहतो त्याचा तेथे मागमूस नव्हता. होता तो गोळ्या-पेपरमिंटांचा वास. खव्याला केशरी रंग फासून वर अर्काचे चार थेंब टाकले की त्याचे नागपूर होते, असा कोणा हलवायाचा समज दिसतो. एकाच प्रवासातून आलेल्या या दोन वस्तूंत ज्या पिशवीवर नाव नव्हते तिच्यात नागपूर होते आणि ज्या डब्यावर होते त्यात त्याचा पत्ता नव्हता.

इथवर वाचून जो गोमंतकीय वाचक गालातल्या गालात हसला असेल, त्याने पणजीच्या बसस्थानकापासून म्हापशाच्या बाजारापर्यंत एक चक्कर मारून यावे. दोन दिवसांसाठी आलेल्या पर्यटकाच्या हाती आपण काय देतो? काजूचा डबा. त्यावर नारळाचे झाड, समुद्र, एखादी चर्च आणि मोठ्या अक्षरांत 'गोवा'. आतला काजूगर कोणत्या झाडाचा, हे विचारण्याची पर्यटकाला सवड नसते आणि सांगण्याची विक्रेत्याला गरज नसते. आपल्या कारखान्यांना पुरेल इतकी बी गोव्याच्या डोंगरांत पिकत नाही, हे उघड गुपित आहे. आफ्रिकेतल्या देशांतून बी येते, येथे भाजली-सोलली जाते आणि गोव्याचे नाव लेवून बाहेर पडते. काही गर तर दुसऱ्या राज्यांतून सोललेलाच येतो, येथे फक्त डब्यात भरला जातो. परकी बी फोडून येथल्या शेकडो बायामाणसांना रोजगार मिळतो, तो आम्हांस नको आहे असे नाही. आमची हरकत डब्यावर जे लिहिले जाते त्याला आहे.

यावर एक चतुर उत्तर नेहमी दिले जाते. काजू तरी कुठे गोव्याचा? तो पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणला! खरे आहे. संत्रेही विदर्भात मुळापासून नव्हते. भोसल्यांच्या काळात ते तेथे लावले गेले असे सांगतात. परंतु आणलेले रोप एखाद्या मातीत चारशे वर्षे वाढते, त्याच्याभोवती बोंडू वेचणाऱ्या बाया, निरो गाळणारे कोळंबे, हुर्राक आणि फेणीच्या भट्ट्या, त्यांची गाणी-भांडणे, पावण्या-लिलाव असा सगळा संसार उभा राहतो, तेव्हा ते त्या मातीचे होते. मागच्या खोलीत अर्ध्या तासात चिकटवलेल्या लेबलाने ते होत नाही. पांढुर्ण्याचा बागवान आणि आमचा डबे भरणारा व्यापारी या दोघांनीही दुसऱ्या गावाचे नाव वापरले असे वरवर दिसते, पण एकाने ते नाव कमावले आहे आणि दुसऱ्याने ते उसने घेऊन परत न करण्याचे ठरवले आहे.

याचा तोटा कोणाला होतो? पर्यटकाला फारसा नाही. त्याला गोड-खारट काहीतरी मिळतेच. तोटा होतो सत्तरीतल्या आणि सांगे-केपेतल्या डोंगरावर काजू राखणाऱ्या कुळाला. आयात बीचा भाव खाली आला की त्याच्या बीचा भाव पडतो, आणि त्याच्या मालाचे वेगळेपण ज्या एका नावात साठवले आहे ते नाव त्याच्या स्पर्धकाच्याच डब्यावर झळकते. २००९ मध्ये फेणीला आणि २०२३ मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा सत्कार झाले, छायाचित्रे निघाली. मानांकनाचा खोटा वापर करणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद १९९९ च्या कायद्यात आहे. पण कायदा पुस्तकात आणि डबा दुकानात, या दोहोंची गाठ घालून देण्याचे काम कोणा खात्याने अंगावर घ्यावयास हवे. निदान 'बी कोठे पिकली' आणि 'गर कोठे सोलला' या दोन ओळी डब्यावर ठळक छापण्याची सक्ती राज्य सरकारने करावी. आज जो पत्ता बारीक अक्षरांत असतो तो डबा भरणाऱ्याचा. ज्यांना 'आफ्रिकेतील बी, गोव्यात भाजलेली' असे छापावयास लाज वाटते त्यांनी ती लाज कशाची आहे याचा एकदा विचार करावा. तो काजू काही वाईट नसतो, आणि स्वस्तही विकता येईल.

आपल्याकडे भेटवस्तूंचा दुष्काळ आहे असेही नाही. जत्रेहून परतताना आणलेले खाजे ही आपली सर्वांत जुनी आठवण-वस्तू. बेसनाच्या कांड्या, गूळ, आले, तीळ, एवढाच तिचा मालमसाला, आणि तिलाही आता मानांकन आहे. कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांची रंगीत लाकडी कामे आहेत, डिचोलीची मातीची भांडी आहेत, खोल्याची आणि हरमलची मिरची आहे. यांतली एकही वस्तू किनाऱ्यावरच्या दुकानात चटकन सापडणार नाही. तेथे सापडतील ते शीतकपाटावर चिकटवायचे चुंबक आणि गोव्याचे नाव छापलेले सदरे, आणि तेच चुंबक दुसऱ्या नावाने सिमल्यासही मिळतात. ज्याच्याजवळ तासभरच वेळ आहे त्याला जे समोर येईल तेच तो घेणार. तेव्हा समोर काय यावे, हे पर्यटन खात्याने बसस्थानकांवर आणि विमानतळांवर चार गाळे खऱ्या कारागिरांना स्वस्त भाड्याने देऊन ठरवावे.

मराठीत एक जुना शब्द आहे, वानवळा. शेतात जे पिकले त्यातले पहिले थोडे आप्तांकडे पाठवायचे. त्याची किंमत विचारायची नसते, पण ते कोणाच्या शेतातले हे मात्र आधी सांगायचे असते. आमच्या सहकाऱ्याने आणलेल्या पिशवीतली संत्री कार्यालयात दोन दिवसांत संपली. बर्फीचा डबा अजून अर्धा शिल्लक आहे.

पांढुर्ण्याच्या यजमानांना उलट भेट पाठवावयाची होती. त्यासाठी आमचे हे सहकारी काजू घेण्यास निघाले. पहिल्या दुकानात त्यांनी बी कुठली, असे विचारले. दुकानदाराने डब्यावरचे 'गोवा' दाखवले. दुसऱ्या दुकानात त्यांना, "पाठवायचाच आहे ना, मग एवढी चौकशी कशाला?" असे ऐकावे लागले. अखेर वाळपईच्या बाजूला एका ओळखीच्या घरी चुलीवर भाजून हाताने सोललेले दोन किलो गर मिळाले, सालीचे काळे डाग तसेच राहिलेले आणि कित्येक तुकडे झालेले. घरच्या बाईंनी ते साध्या कागदी पिशवीत बांधून दिले आणि सहकाऱ्याने विनंती केली म्हणून वर पेनाने आपल्या वाड्याचे नाव लिहिले.