फसवणुकीचे शब्द आणि फसलेल्याची अब्रू

इंग्रजी भाषेत वंचना आणि लबाडी यांसाठी शब्दांचा मोठा साठा आहे, आणि त्यांच्या नादमय वैचित्र्यावर लुब्ध होणारे रसिकही पुष्कळ आहेत. परंतु हे शब्द एकत्र मांडून पाहिले असता त्यांत एक अन्याय्य वृत्ती वारंवार आढळते, ती ही की, फसविणाऱ्याच्या नावात बहुधा त्याच्या चातुर्याचे कौतुक असते आणि फसलेल्याच्या नावात त्याच्या मूर्खपणाचा निर्वाळा.

१५९१ साली रॉबर्ट ग्रीन या लेखकाने लंडनमधील ठकांची कारस्थाने उघडकीस आणणाऱ्या पुस्तिका छापण्यास प्रारंभ केला. खेड्यातून कामकाजासाठी शहरात आलेल्या सरळ मनुष्यास एकाने बोलण्यात गुंतवून त्याचे गाव आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावे काढून घ्यावीत, ती आपल्या साथीदारास कळवावीत, साथीदाराने पुढच्या वळणावर त्यास नावाने हाक मारून जुनी ओळख दाखवावी, आणि मग मद्यगृहात नेऊन पत्त्यांच्या डावात त्यास नागवावे, अशी त्यांची रीत ग्रीनने तपशिलाने नोंदविली आहे. या ठकांच्या बोलीत अशा मनुष्यास ‘कोनी’, म्हणजे ससा, म्हणत. पुढे फसलेल्यासाठी ‘पिजन’ म्हणजे कबूतर हा शब्द रूढ झाला. ‘गल’ हा शब्द पंख न फुटलेल्या पिलावरून, तर फ्रेंचमधून आलेला ‘ड्यूप’ हा हुदहुद पक्ष्यावरून निघाला असावा, असे व्युत्पत्तिकार मानतात. ज्याचे द्रव्य गेले त्याचे मनुष्यत्वही अशा रीतीने शब्दांनी काढून घेतले, आणि शिकार झालेल्या प्राण्याची कैफियत ऐकण्याचे कारण कोणास उरले नाही.

१८४९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्प्सन नावाचा नीटनेटक्या पोशाखातील इसम रस्त्यात अनोळखी गृहस्थांशी परिचिताप्रमाणे बोलू लागे, आणि ‘आपले घड्याळ उद्यापर्यंत माझ्याजवळ ठेवण्याइतका विश्वास आपणांस माझ्याविषयी आहे काय?’ अशा अर्थाचा प्रश्न करून घड्याळासह निघून जाई. त्याच्या अटकेनंतर वृत्तपत्रांनी त्यास ‘कॉन्फिडन्स मॅन’ म्हटले. हे नाव यथार्थ होते, कारण त्याने ज्यावर घाला घातला तो समोरच्याचा लोभ नव्हता, विश्वास होता, आणि विश्वास हा सद्गुण आहे. पण त्याचे ‘कॉन मॅन’ असे संक्षिप्त रूप झाले, त्यातील विश्वास कानाआड गेला, आणि १९७३ च्या ‘द स्टिंग’ या चित्रपटापर्यंत येता येता ठक हा नायक म्हणून प्रेक्षकांच्या टाळ्या घेऊ लागला.

भाषेस हे वळण बदलता येते, याचाही दाखला इंग्रजीतच आहे. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ च्या ‘गॅस लाइट’ या नाटकात पती आपल्या पत्नीस ती भ्रमिष्ट होत चालली आहे असे पद्धतशीरपणे पटवू पाहतो. घरातील दिवे मंदावल्याचे तिला दिसते, तेही तिने खरे मानू नये अशी तिची अवस्था होते. त्या नाटकावरून आणि त्यावर निघालेल्या चित्रपटांवरून ‘गॅसलाइटिंग’ हा शब्द प्रचारात आला. त्यात जिच्याशी कपट झाले तिची हेटाळणी नाही. उलट, आपल्यावर काय गुदरले हे सांगण्याचे साधन असंख्य स्त्रीपुरुषांना त्या एका शब्दाने मिळाले.

आपल्याकडेही ‘बकरा झाला’, ‘टोपी घातली’, ‘चुना लावला’ असे आपण हसत बोलतो. आज ‘डिजिटल अरेस्ट’ची, म्हणजे दूरध्वनी वा व्हिडिओवरूनच अटक करण्याची, धमकी देणारा भामटा आपले नाव, पत्ता, आधार क्रमांक धडाधडा वाचून दाखवतो, तेव्हा ग्रीनने वर्णिलेली जुनी युक्तीच तो दूरध्वनीवरून वापरत असतो. अशी अटक भारतीय कायद्यात अस्तित्वात नाही, हे ठाऊक असलेला मनुष्यही त्या भीतीच्या क्षणी गोंधळू शकतो. पैसे गेल्यावर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर तत्काळ फिर्याद दिली तर ती रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता असते. परंतु निवृत्त गृहस्थ आपल्या मुलांनाही हे सांगण्यास धजत नाहीत, कारण ‘तुम्ही असे कसे फसलात?’ हा प्रश्न त्यांना नुकसानीहून दुःसह वाटतो. ते मौन भामट्याच्या पथ्यावर पडते, आणि त्या मौनात आपल्या हसण्याचाही वाटा असतो.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, वृत्तपत्रांनी मथळ्यात ‘आमिषाला भुलला’ असे लिहिण्यापूर्वी कसूर कोणाचा हे पाहावे, पोलिसांनी जबाब घेताना उपदेश बाजूस ठेवावा, आणि घरच्यांनी दोषारोप करण्याआधी फिर्याद नोंदवावी. विश्वास ठेवणे हा गुन्हा नाही, विश्वासघात हा गुन्हा आहे. कायद्याने मानलेला हा भेद आपल्या रोजच्या बोलण्यानेही मानला पाहिजे.