जुन्या सायकलला नवे गिअर : खर्च वाढतो, मग किंमत का वाढत नाही?

सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या सायकली रिस्टोअर करून, त्यांना आजचे गिअर, ब्रेक, रिम बसवून विकणाऱ्यांसाठी ही बातमी अर्धी गोड आहे. त्यांना लागणारे सुटे भाग स्वस्त झाले, पण त्यांच्या सायकलशी स्पर्धा करणारी नवी सायकलही स्वस्त झाली. अशा सायकलची किंमत ठरते कशी आणि विकणारा नेमका कुठे फसतो?

रिस्टोमॉड म्हणजे काय?

जुनी सायकल बाजारात तीन रूपांत येते. पहिले रूप आहे तसे : रंग उडालेला, पण सगळे भाग मूळचे. दुसरे मूळ रूपात रिस्टोअर केलेले : रंग, पट्ट्या, प्लेटिंग नवे, पण भाग त्याच काळातले. तिसरे म्हणजे रिस्टोमॉड : सांगाडा जुना आणि चाके, गिअर, ब्रेक आजचे. दिसायला जुनी आणि चालवायला नवी, असा त्याचा दावा असतो.

या तिसऱ्या प्रकारावर सर्वांत जास्त पैसा खर्च होतो. तो वसूल होण्याची खात्री मात्र सर्वांत कमी असते.

ग्राहक कोण असतो?

ग्राहक दोन प्रकारचे असतात आणि त्यांच्या अपेक्षा एकमेकांच्या उलट असतात. संग्राहकाला सायकल मूळची हवी असते. मूळ सीट, मूळ बेल, चेनकव्हरवरचे मूळ चिन्ह यांचे तो पैसे मोजतो. नवा गिअर त्याच्या दृष्टीने सुधारणा नसते, उणीव असते. रोज चालवणाऱ्याला मात्र ब्रेक लागायला हवेत, चढ चढता यायला हवा आणि टायर गावात मिळायला हवा. तो तुलना करतो ती दुकानातल्या नव्या सायकलशी.

पहिला ग्राहक किती काटेकोर असतो, याचे उदाहरण इटलीत आहे. तिथल्या टस्कनी भागात गायोले इन कियांती या गावी १९९७ पासून ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी भरते. तिच्या नियमांनुसार सर्वसाधारणपणे १९८७ पूर्वीच्या शर्यतीच्या सायकली चालतात. गिअरचे खटके सांगाड्याच्या खालच्या नळीवर हवेत, पायडलला पट्टे हवेत आणि ब्रेकच्या तारा हँडलच्या पट्टीबाहेरून दिसायला हव्यात. म्हणजे ब्रेकच्या मुठीतच गिअर असलेले आजचे हँडल लावले, की ती सायकल फेरीसाठी बाद आणि या फेरीसाठी सायकल शोधणारा ग्राहकही गेला.

एक भाग बदलला की काय होते?

महाराष्ट्रात माळ्यावर सापडणारी जुनी सायकल बहुधा शर्यतीची नसते. ती रॅले, हंबर, हर्क्युलिस, फिलिप्स किंवा बीएसएची उंच, काळी, सळीच्या ब्रेकची सायकल असते. तिची अडचण चाकापासून सुरू होते.

या सायकलीचा २८ × १½ चा टायर ६३५ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, तर आजच्या ‘७०० सी’ रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर आहे. सळीच्या ब्रेकचे गुटके रिमच्या आतल्या बाजूला, स्पोकच्या अंगाने दाबतात. आजच्या ॲल्युमिनियम रिमला तिथे ब्रेक लागण्याजोगी जागाच नसते. म्हणून रिम बदलली की ब्रेक बदलावे लागतात. नवे ब्रेक बसवायला चिमट्याच्या वरच्या भागात भोक लागते आणि सळीच्या ब्रेकच्या चिमट्याला ते अनेकदा नसते. ते पाडले की सायकल पुन्हा मूळ रूपात येत नाही. ‘फक्त रिम बदलू’ म्हणत सुरू झालेले काम असे सांगाड्याला भोक पाडण्यापर्यंत पोहोचते.

याउलट काही बदल परतीचे असतात. इंग्लंडच्या नॉटिंगहॅममध्ये सुरू झालेली स्टर्मी-आर्चर कंपनी २००० मध्ये तैवानच्या सनरेसकडे गेली. तीन गिअरचा हब आणि ड्रम ब्रेक ती आजही बनवते. हे भाग सांगाड्यात मावत असतील, तर जुन्याच मापाच्या रिममध्ये विणून बसवता येतात आणि मूळ चाके बाजूला जपून ठेवता येतात. जुन्या शर्यतीच्या सायकलींतही असा फरक असतो. मागच्या चिमट्यातले १२६ मिलिमीटरचे अंतर आजच्या हबसाठी १३० करायचे असेल, तर चांगला कारागीर पोलादी सांगाडा तेवढा फाकवू शकतो. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर मात्र हा प्रयोग करू नये.

किंमत ठरवताना पहिला प्रश्न हाच हवा : केलेला बदल काढून सायकल पुन्हा मूळ रूपात आणता येईल का? येत असेल, तर दोन्ही ग्राहक शिल्लक राहतात. येत नसेल, तर एकच उरतो.

खर्च अधिक नफा, असे गणित का चालत नाही?

केवळ समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. जुनी सायकल ७ हजारांना घेतली. सँडब्लास्टिंग, रंग आणि पट्ट्यांना ५ हजार लागले, प्लेटिंगला ३ हजार आणि नवे हब, रिम, टायर, ब्रेक यांना १५ हजार. मजुरी वीस तासांची, अडीचशे रुपये दराने ५ हजार. एकूण खर्च ३५ हजार.

आता बाजाराकडे पाहू. समजा, तेवढेच गिअर असलेली नवी सायकल वॉरंटीसह २५ हजारांना मिळते. जुन्या रूपाच्या आवडीपोटी एखादा ग्राहक आणखी ५ हजार देईल. म्हणजे वरची मर्यादा झाली ३० हजार. तीच सायकल नुसती साफ करून मूळ भागांसह विकली असती, तर समजा १५ हजार आले असते. त्यात खर्च ७ हजार आणि थोडी मजुरी, म्हणजे नफा. पस्तीस हजार घालून मात्र किमान ५ हजारांचा तोटा.

यातून तीन आकडे काढावे लागतात : मूळ रूपात मिळाली असती ती किंमत, सुटे भाग वेगळे विकून येणारी रक्कम आणि त्याच कामाच्या नव्या सायकलीची किंमत. पहिल्या दोनांपैकी मोठा आकडा ही खालची मर्यादा. तिसरा आकडा, त्यात हौसेची थोडी भर घालून, ही वरची. केलेला खर्च या मर्यादांमध्ये कुठेच येत नाही. तो फक्त काम हाती घ्यावे की नाही, हे ठरवतो.

ऑनलाइन दिसणाऱ्या किमतींवर भरवसा ठेवावा का?

जाहिरातीत दिसते ती मागितलेली किंमत. मिळालेली किंमत दिसत नाही. योग्य भावाची सायकल लवकर विकली जाते आणि तिची जाहिरात निघते, तर अवाच्या सवा भावाची महिनोन्‌महिने तशीच राहते. त्यामुळे शोधताना महागड्या, न विकलेल्या सायकलीच जास्त दिसतात. लिलावाच्या संकेतस्थळांवर ‘विकले गेलेले’ वेगळे पाहता येत असेल, तर तोच आकडा धरावा.

नावावरूनही गफलत होते. हर्क्युलिस, फिलिप्स आणि बीएसए या सायकली चेन्नईत टीआय सायकल्सने बनवल्या, तर रॅले बंगालमधील आसनसोलच्या सेन-रॅलेने. नाव तेच असले तरी ‘मेड इन इंग्लंड’ सायकलीचा भाव वेगळा असतो. जुन्या स्टर्मी-आर्चर हबवर अनेकदा वर्ष कोरलेले असते, पण त्यावरून फक्त हबचे वय कळते. सायकलीचे वय ठरवायला सांगाड्याचा क्रमांकही पाहावा लागतो.

कर आणि कायदा काय सांगतो?

केवळ वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल, तर महाराष्ट्रात सामान्यतः जीएसटी नोंदणी लागत नाही. दुरुस्तीची सेवाही देत असेल, तर ही मर्यादा २० लाखांवर येते. नोंदणीकृत विक्रेत्याला जुन्या वस्तूंसाठी नियम ३२(५) नुसार पूर्ण किमतीऐवजी खरेदी-विक्रीतील फरकावर कर भरण्याची सोय आहे. अट अशी, की खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलेले नसावे आणि वस्तू आहे तशी किंवा स्वरूप न बदलणाऱ्या किरकोळ प्रक्रियेनंतर विकलेली असावी. चाके, गिअर, ब्रेक बदललेली सायकल ‘किरकोळ प्रक्रिये’त बसते का, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. बिल फाडण्याआधी तो कर सल्लागाराकडून तपासून घेणे शहाणपणाचे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अधिक स्पष्ट आहे. जुनी, दुरुस्त केलेली किंवा पुन्हा बांधलेली वस्तू नवी म्हणून खपवणे ही त्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यामुळे कोणता भाग मूळचा, कोणता त्या काळातला पण दुसरीकडून आणलेला आणि कोणता आजचा, ही यादी सायकलीसोबत लेखी द्यावी. वेल्डिंग किंवा ब्रेझिंग केले असेल, तर तेही लिहावे.

मग करावे काय?

ग्राहक कोण हे काम सुरू होण्याआधीच ठरवावे, रंग वाळल्यावर नव्हे. सांगाड्याला भोक पाडावे लागेल असा बदल टाळावा. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत ठेवावा आणि सायकलीसोबत द्यावा. गंजलेली घंटा किंवा सळीचे ब्रेक विकणाऱ्याला भंगार वाटतात, पण सायकल पुन्हा मूळ रूपात आणता येईल याची हमी त्याच पिशवीत असते. जीएसटी कमी झाल्यावर नव्या सायकलीशी किमतीत स्पर्धा करणे आणखी अवघड झाले आहे. रिस्टोमॉड विकणाऱ्याच्या हाती उरते ती हीच हमी आणि खरी माहिती.