बॉस, एक प्लग मिळेल?

माझ्या ई-स्कूटरची बॅटरी १८ टक्के. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पॉइंट नाही, म्हणून पुण्यातल्या ज्या ऑफिसात मी फ्रीलान्स कामाला जाते तिथल्या बेसमेंटमध्ये गुपचूप वायर लावली. अर्ध्या तासात वॉचमनकाका हजर. "मॅडम, काढा. अ‍ॅडमिनचा फोन आलाय." मोबाइल लावला तर चालतो, स्कूटर लावली की चोरी!

संध्याकाळी दिल्लीतल्या मैत्रिणीला फोनवर रडगाणं ऐकवलं, तर बाई हसायलाच लागली. तिच्या ऑफिसात चार पॉइंट आहेत. दिल्ली सरकारच्या २०२० च्या ईव्ही धोरणात पहिल्या ३० हजार चार्जिंग पॉइंट्सना प्रत्येकी ६ हजार रुपयांपर्यंत अनुदान होतं, घरांना आणि ऑफिसांनाही. नोव्हेंबर २०२१ पासून तर वीज कंपनीकडेच अर्ज करायचा होता आणि अनुदान वजा जाता उरतील तेवढेच पैसे भरायचे होते. दुचाकी-रिक्षांचा चार्जर तेव्हा अडीच हजारांपासून होता! आमच्याकडे ऑफिसातल्या एका बर्थडेला याहून जास्त उडतात. शिवाय शंभरपेक्षा जास्त गाड्यांचं पार्किंग असेल तर ५ टक्के जागा ईव्हीला द्या, असा हुकूमही २०२१ मध्ये निघाला होता. मला वाटतं, खरी मेख इथेच आहे. चार्जरचे पैसे सुटतील हो, पार्किंगमधली जागा सोडताना साहेबांचा जीव जातो.

दुसऱ्या दिवशी हे सगळं अ‍ॅडमिनच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मेल करा, बघू." केलाय. तोपर्यंत स्कूटर घरी, आणि मी पुन्हा शेअर रिक्षात.