हिरड्यांचे नवे उपचार आणि पुराव्याची कसोटी

हिरड्यांतून रक्त येणे हा आजार आहे, असे आपल्याकडे फारसे कोणी मानत नाही. दात हलू लागल्यावरच दंतवैद्याची आठवण होते आणि तोवर दाताखालचे हाड झिजलेले असते. दंत परिषदेच्या 2002-03 च्या राष्ट्रीय पाहणीत 35 ते 44 वयोगटातील सुमारे 90 टक्के लोकांच्या हिरड्यांत कमी-अधिक दोष आढळला होता. एवढा मोठा रुग्णवर्ग असल्यावर नवनवी जेल, वनौषधींची चूर्णे आणि लेसरचे प्रयोग पुढे येणे स्वाभाविकच आहे. एखाद्या दंतवैद्याने स्वतःचा उपचार शोधून काढल्याचे ऐकले की कौतुक वाटते. मात्र त्या शोधाची पारख कशी करायची, हा प्रश्न मागे राहतो.

संगमनेरच्या संदर्भात तो अधिक टोकदार आहे. हे गाव बिडी आणि तंबाखूच्या व्यवसायासाठी राज्यभर ओळखले जाते, आणि जवळच घुलेवाडीला दंत महाविद्यालयही आहे. ग्रामीण भागात आजही अनेक स्त्रिया भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून तर रक्तही कमी येते. त्यामुळे धोक्याची पहिली खूणच दिसत नाही आणि रोग आतल्या आत वाढत राहतो. रुग्ण आणि शिकलेले डॉक्टर असे एकाच ठिकाणी असताना नव्या उपचारांची खरी परीक्षा येथेच व्हायला हवी.

ती का हवी, हे पॉल कीज यांच्या उदाहरणावरून समजते. अमेरिकेच्या राष्ट्रीय दंत संशोधन संस्थेतील हे नामवंत दंतवैद्य. दात किडण्यामागील जंतुसंसर्गावरील त्यांचे काम आजही मान्यताप्राप्त आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी खाण्याचा सोडा, मीठ आणि हायड्रोजन पेरॉक्साइड हिरड्यांना लावण्याची पद्धत पुढे आणली. सूक्ष्मदर्शकातून जंतू पाहायचे आणि गरज पडल्यास प्रतिजैविके द्यायची. शस्त्रक्रिया टळते म्हटल्यावर रुग्ण खूश झाले. आपल्याकडच्या मीठ-हळदीच्या घरगुती उपायाशी तिचे नाते सहज जुळावे अशीच ती होती. पुढे मिनेसोटा विद्यापीठात या मिश्रणाची तुलना नेहमीच्या ब्रश-पेस्टशी झाली, तेव्हा व्यावसायिक सफाई दोन्ही गटांची झाली होती. मीठ-सोड्याने त्यात विशेष भर घातल्याचे दिसले नाही. कीज यांचा हेतू प्रामाणिक होता आणि विद्वत्ता निर्विवाद होती. तरीही तुलना झाल्यावाचून हे कळले नसते.

‘पेटंट मिळाले’ हा पुरावा समजण्याची चूकही सर्रास होते. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम 3 नुसार माणसावरील वैद्यकीय वा शस्त्रक्रियेच्या उपचारपद्धतीला पेटंट मिळतच नाही. औषधी मिश्रणाला किंवा उपकरणाला मिळू शकते. पारंपरिक ज्ञानही वगळलेले आहे. (हळदीने जखम भरण्याचे अमेरिकी पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने 1997 मध्ये रद्द करून घेतले, हे वाचकांना स्मरत असेल.) शिवाय पेटंट कार्यालय नावीन्य तपासते, रुग्णाचा दात टिकला की नाही हे नव्हे. याचा एक परिणाम असा, की ट्यूबमध्ये भरून विकता येईल अशा वस्तूकडे संशोधनाचा ओढा राहतो आणि हातातल्या कौशल्याकडे दुर्लक्ष होते. कीटण काढून दातांची मुळे नीट साफ करणे आणि तंबाखू सोडायला लावणे हाच उपचाराचा पाया आहे. सफाईने दात ढिले होतात, ही समजूत मात्र शहरी सुशिक्षितांतही जात नाही.

चाचण्या होतात, पण त्यांची मुदत अपुरी पडते. पदव्युत्तर दंतशिक्षण तीन वर्षांचे आहे. विद्यार्थ्याचा प्रबंध त्यातच पुरा व्हायचा, म्हणून मोजके रुग्ण घेऊन काही महिन्यांत निष्कर्ष काढावा लागतो. हा रोग तर दशकानुदशके चालतो. तेव्हा एका विद्यार्थ्याने सुरू केलेली चाचणी पुढच्याने चालवावी, अशी व्यवस्था महाविद्यालयांनी करायला हवी. रुग्ण टिकवणे त्याहून कठीण. हंगामात आलेला ऊसतोड कामगार सहा महिन्यांनी त्याच गावात सापडेलच असे नाही. बिडी वळणारी बाई गावातच असते. परंतु तिची मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने मिळते आणि दवाखान्यातल्या रांगेत गेलेला अर्धा दिवस तिला कोणी भरून देत नाही.